नादाची दिशा शोधणारे लॉर्ड रॅले

पुण्याहून सोलापूरच्या वाटेला लागले म्हणजे हडपसर लागते. एके काळी भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आता पुणे शहराचाच एक भाग झाले आहे. आषाढी एकादशीला काही दिवस उरले असता आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी आणि देहूहून निघालेली श्रीतुकाराममहाराजांची पालखी पुण्यातील मुक्काम आटोपून येथे येतात. येथून दोन्ही पालख्यांच्या वाटा निराळ्या होतात. एक दिवेघाट चढून सासवडला जाते. दुसरी लोणी काळभोरच्या रस्त्याने पुढे सरकते. त्या सकाळी आपल्या घराच्या ओट्यावर डोळे मिटून क्षणभर उभे राहावे. टाळांचा खणखणाट डावीकडून येत आहे, मृदंगाची खोल थाप उजवीकडे चालली आहे, कोणा वारकऱ्याने घेतलेला अभंगाचा उंच सूर अगदी समोरून ऐकू येत आहे, हे सारे आपल्याला न पाहताच कळते. दिंडी कोणत्या बाजूस आहे हे सांगण्यासाठी डोळे उघडावे लागत नाहीत.

ही गोष्ट इतकी नित्याची आहे की तिच्यात काही नवल आहे असे कोणास वाटत नाही. पण थोडा विचार करून पाहा. डोळ्यात बाहेरच्या वस्तूंचे चित्र उमटते. डावीकडचे झाड त्या चित्रात एका जागी आणि उजवीकडचे घर दुसऱ्या जागी असते. म्हणून डोळ्याला दिशा कळावी यात आश्चर्य नाही. कानात असे कोणतेच चित्र उमटत नाही. टाळ, मृदंग, अभंग आणि गर्दीचा कोलाहल हे सारे नाद हवेतून येतात आणि कानाच्या एवढ्याशा पडद्याला एकत्रच हलवतात. पडदा केवळ मागेपुढे थरथरतो. त्या थरथरीत डावे कोठे असते आणि उजवे कोठे?

आपल्या पूर्वजांनाही कानाच्या या सामर्थ्याचे कौतुक होते. केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडून लक्ष्य भेदणाऱ्याला ते शब्दवेधी म्हणत. रामायणातील दशरथ राजा असाच शब्दवेधी होता. रात्रीच्या अंधारात शरयूच्या तीरावर त्याने घागर बुडाल्याचा आवाज ऐकला आणि हत्ती पाणी पीत आहे असे समजून बाण सोडला. तो बाण आपल्या अंध मातापित्यांसाठी पाणी भरणाऱ्या श्रावणाला लागला. या करुण कथेतील एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. राजाच्या कानाने दिशा अचूक सांगितली होती. चूक झाली ती त्याच्या मनाने काढलेल्या अनुमानात.

कान दिशा कशी ओळखतो, या प्रश्नाच्या मागे एक थोर शास्त्रज्ञ आयुष्याची तीस वर्षे होता. त्याच्याही बाबतीत कान बरोबर होता आणि अनुमान अपुरे होते. आणि ते अपुरेपण त्याने स्वतःच शोधून काढले. त्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन विल्यम स्ट्रट. जग त्यांना लॉर्ड रॅले या नावाने ओळखते.

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात १२ नोव्हेंबर १८४२ रोजी त्यांचा जन्म झाला. घराणे मोठ्या जमीनदारांचे होते. टर्लिंग या गावी त्यांचा प्रशस्त वाडा आणि सभोवार हजारो एकरांची शेती होती. मात्र बालपणी जॉनची प्रकृती फार नाजूक होती. आजारपणामुळे त्यांचे शालेय शिक्षण पुनःपुन्हा खंडित झाले. ईटन आणि हॅरो या इंग्लंडमधील दोन नामांकित शाळांत त्यांनी प्रवेश घेतला. पण दोहींतही ते फार काळ राहू शकले नाहीत. पुढे त्यांचे बरेचसे शिक्षण खाजगी शिक्षकाजवळच झाले. हा अशक्त मुलगा पुढे जगातील अग्रगण्य विद्वानांत गणला जाईल, असे त्या काळी क्वचितच कोणास वाटले असेल.

१८६१ साली ते केंब्रिज येथील ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांच्या बुद्धीला योग्य ती जमीन मिळाली. १८६५ साली गणिताच्या कठीण परीक्षेत ते पहिले आले आणि सीनियर रँग्लर झाले. हा शब्द महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुढे १८९९ साली दापोली तालुक्यातील मुर्डी गावच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी हाच मान मिळवला आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे हे प्राचार्य रँग्लर परांजपे म्हणूनच ओळखले जाऊ लागले.

जमीनदाराच्या ज्येष्ठ पुत्राने शेतीवाडी पाहावी, शिकारीला जावे, राजकारणात भाग घ्यावा, अशी त्या समाजाची रीत होती. प्रयोगशाळेत यंत्रांशी झटापट करणे हे त्या पदाला शोभणारे काम मानले जात नसे. स्ट्रट यांनी ती रीत बाजूस सारली. आपल्या वाड्यातच त्यांनी प्रयोगशाळा थाटली आणि उपकरणे जमवली. आकाश निळे का दिसते, या प्रश्नाचे गणिती उत्तर त्यांनी १८७१ साली मांडले. सूर्यप्रकाशातील निळा भाग हवेतील अतिसूक्ष्म कणांमुळे इतर रंगांपेक्षा अधिक विखुरला जातो, असे त्यांनी दाखवले. याच विषयावरील १८९९ च्या निबंधात त्यांनी आपल्या देशातील एका दृश्याचा आधार घेतला आहे. दार्जिलिंगहून त्यांनी दूरवरचे एव्हरेस्ट शिखर पाहिले होते. एवढ्या अंतरावरून ते किती स्पष्ट दिसते, यावरून हवेत प्रकाश किती विखुरतो याचा त्यांनी अंदाज बांधला. इतर प्रवासी जेथे शिखराची शोभा पाहून परतत, तेथे यांना गणित सुचले.

१८७१ साली त्यांचा विवाह एव्हलिन बॅलफोर यांच्याशी झाला. त्यांचे बंधू आर्थर बॅलफोर पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. विवाहाला वर्षही लोटले नाही तोच १८७२ साली स्ट्रट यांना संधिज्वराने गाठले. दुखणे जिवावर बेतले होते. त्यातून ते उठले. परंतु थंडीपासून दूर जाणे आवश्यक होते. म्हणून पतिपत्नी इजिप्तला गेली आणि त्यांनी नाईल नदीतून नौकेने संथ प्रवास केला. एखाद्याने तो काळ केवळ विश्रांतीत घालवला असता. स्ट्रट यांनी त्या नौकेत बसून ध्वनिशास्त्रावरील आपला महान ग्रंथ लिहावयास आरंभ केला. त्याचा पहिला खंड १८७७ साली आणि दुसरा १८७८ साली प्रसिद्ध झाला. 'ध्वनीचा सिद्धान्त' या अर्थाचे नाव असलेला हा ग्रंथ आजही अभ्यासकांना वाटाड्या वाटतो. १८७३ साली वडिलांचे निधन झाले आणि ते लॉर्ड रॅले झाले. त्याच वर्षी त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले. शेतीचा कारभार त्यांनी काही वर्षांनी धाकट्या भावाच्या हाती सोपवला आणि स्वतःस संशोधनाला वाहून घेतले.

याच सुमारास कानाच्या प्रश्नाने त्यांचे मन वेधून घेतले. हा प्रश्न त्यांनी बंद खोलीत सोडवला नाही. आपल्या वाड्यापुढील हिरवळीवर ते डोळे मिटून उभे राहिले आणि भोवती निरनिराळ्या दिशांना त्यांनी माणसे उभी केली. त्यांच्यापैकी एखादा काही शब्द बोले आणि रॅले तो आवाज कोणत्या बाजूने आला ते सांगत. मनुष्याचा आवाज कोठून आला हे जवळजवळ अचूक सांगता येते, असे त्यांना आढळले. थोडेसे शब्दही त्यासाठी पुरेसे होते.

परंतु मनुष्याच्या आवाजात अनेक स्वर मिसळलेले असतात. रॅले यांना शुद्ध, एकेरी स्वर हवा होता. तो नादकाट्यातून मिळतो. नादकाटा म्हणजे पोलादाचा दोन शाखांचा काटा. तो ठोकला असता ठरावीक कंप्रतेचा, म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा कंप पावणारा एकच स्वर निघतो. काटा ठोकल्याच्या खटकन होणाऱ्या आवाजानेच ऐकणाराला सुगावा लागू नये, म्हणून त्यांनी एक युक्ती योजली. दोन बाजूंस दोन सारखे काटे एकाच वेळी ठोकले जात. पण त्यांपैकी एकच काटा आवाज मोठा करणाऱ्या पोकळीजवळ धरला जाई. या प्रयोगांतून दोन गोष्टी निघाल्या. स्वर डावीकडून आला की उजवीकडून, यात कधीच चूक होत नसे. मात्र शुद्ध स्वर समोरून आला की पाठीमागून, हे सांगताना कान गोंधळून जाई. समोरच्या काट्यापासून दोन्ही कान सारख्याच अंतरावर असतात आणि पाठीमागच्या काट्यापासूनही तसेच. तेव्हा दोन्ही कानांची तुलना करून तेथे काही निष्पन्न होत नाही.

आता प्रश्न उरला तो डाव्या-उजव्याचा. रॅले यांच्यापुढे एक सरळ उत्तर होते. आपले डोके दोन कानांच्या मध्ये भिंतीसारखे उभे आहे. डावीकडून नाद आला तर डाव्या कानाला तो थेट मिळतो. उजवा कान डोक्याच्या सावलीत पडतो आणि त्याला तो मंद ऐकू येतो. ज्या कानाला नाद मोठा, त्या बाजूस त्याचा उगम, असे मन ठरवते. हे उत्तर सोपे आणि पटणारे होते.

रॅले गणिती होते. सोपे उत्तर मिळाले म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी ते आकड्यांच्या कसोटीवर घासून पाहिले. येथे जरा कालव्याचे उदाहरण घेऊ. कालव्याच्या पाण्यात बारीक काठी रोवली तर लांबरुंद लाटा तिला वळसा घालून पुढे जातात. काठीच्या मागे शांत पाणी राहत नाही. त्याच लाटांच्या वाटेत पुलाचा रुंद खांब असेल तर त्याच्या मागे लाटा मंदावतात. अडथळा मोठा की लाट मोठी, यावर सावली अवलंबून असते. ध्वनीच्या लाटांचेही असेच आहे. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. सेकंदाला ४,००० कंप असलेल्या तार स्वराची लाट अवघी साडेआठ सेंटीमीटर लांबीची असते. तिच्यापुढे आपले डोके म्हणजे पुलाचा खांबच. परंतु सेकंदाला १२८ कंप असलेल्या खर्जातील स्वराची लाट अडीच मीटरांहूनही लांब असते. तिच्यापुढे आपले डोके म्हणजे पाण्यातील काठी! ती लाट डोक्याला सहज वळसा घालते आणि दोन्ही कानांना नाद जवळजवळ सारख्याच जोराने ऐकू येतो. जोरातील फरक इतका अल्प उरतो की त्यावरून दिशा ठरवता येणे शक्य नाही.

मग खर्जाच्या स्वराची दिशा ओळखता येऊ नये. पण हिरवळीवरचा अनुभव तर उलट होता. मंद्र स्वराचीही डावी-उजवी बाजू रॅले यांचा कान बिनचूक सांगत होता. गणित एक सांगत होते आणि कान दुसरेच.

याला आणखी एक उत्तर असू शकत होते. डावीकडून निघालेला नाद डाव्या कानाशी आधी पोचतो आणि उजव्या कानाशी किंचित उशिरा. दोन मुले दोन झोपाळ्यांवर सारख्याच गतीने झोके घेत आहेत, पण एकाचा झोका दुसऱ्याच्या थोडा मागे आहे, अशी कल्पना करा. दोन कानांतील कंपांचे असेच होते. कंपांमधील या मागेपुढेपणाला शास्त्रात कलाभेद म्हणतात. मनुष्याच्या दोन कानांतील अंतर ते केवढे! नाद अगदी बाजूने आला तरी दूरच्या कानाला त्याला सुमारे तेवीस सेंटीमीटर अधिक वाट चालावी लागते आणि तेवढ्यास सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोनतृतीयांश इतकाच वेळ लागतो. पापणी लवण्यास लागणारा वेळ याच्या शेकडोपट असतो. एवढा फरक मज्जातंतू जपून मेंदूपर्यंत नेत असतील आणि मेंदू तो ओळखत असेल, हे त्या काळातील विद्वानांना असंभाव्य वाटे. जर्मनीतील थोर शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांचे मत कानाला कलाभेदाची जाण नाही अशाच बाजूचे होते आणि त्यांच्या मताला मोठे वजन होते. सिल्व्हेनस थॉम्प्सन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच दशकात दोन कानांना वेगवेगळे स्वर ऐकवून कलाभेद जाणवतो असे सुचवले होते. तरीही रॅले यांचे मन ते मानावयास धजले नाही.

येथे त्यांना एक सोपी वाट मोकळी होती. जोराच्या फरकाचे उत्तर तार स्वरांना लागू पडत होते. खर्जाच्या स्वरांची अडचण तेवढी गाळून टाकली असती तर कोणी त्यांना जाब विचारला नसता. रॅले यांनी ती अडचण झाकली नाही. आपले स्पष्टीकरण खर्जाच्या स्वरांना पुरे पडत नाही, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आणि प्रश्न उघडा ठेवला.

त्यानंतर त्यांच्या आयुष्यात अनेक मोठी कामे आली. मॅक्सवेल यांच्या निधनानंतर १८७९ साली ते केंब्रिजच्या कॅव्हेन्डिश प्रयोगशाळेचे प्राध्यापक झाले. विजेच्या मापनाची एकके अचूक ठरवण्याचे किचकट काम त्यांनी तेथे पार पाडले. त्यात त्यांच्या मेहुणी एलिनॉर सिज्विक यांचा मोठा वाटा होता. प्रयोगशाळेतील वर्ग त्यांनी विद्यार्थिनींना विद्यार्थ्यांच्या बरोबरीने खुले केले. १८८४ साली ते टर्लिंगच्या आपल्या प्रयोगशाळेत परतले.

तेथे वायूंची घनता मोजताना पुन्हा एक लहानशी विसंगती त्यांच्यापुढे उभी राहिली. हवेतून मिळवलेल्या एक लिटर नायट्रोजनचे वजन १.२५७२ ग्रॅम भरे, तर रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या तेवढ्याच नायट्रोजनचे १.२५०५ ग्रॅम. फरक सुमारे दोनशेत एका भागाचा. मोजमापातील चूक म्हणून दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. रॅले यांनी मोजमाप पुनःपुन्हा केले; फरक कायम राहिला. तेव्हा १८९२ साली त्यांनी एका शास्त्रीय नियतकालिकात पत्र लिहून आपल्याला या कोड्याचा उलगडा होत नाही असे सर्वांना कळवले आणि रसायनशास्त्रज्ञांचे साहाय्य मागितले. अखेरीस १८९४ साली त्यांनी आणि विल्यम रॅम्झी यांनी हवेत दडलेला एक नवा वायू शोधून काढला. तोच आरगॉन. या कार्याबद्दल १९०४ साली रॅले यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या पारितोषिकाची रक्कम त्यांनी केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

आता त्यांच्या नावाला मानाची कोणतीच पदवी मिळावयाची उरली नव्हती. १९०५ साली ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. अशा वयात आणि अशा पदावर माणसे बहुधा आपल्या जुन्या मतांचे रक्षण करीत बसतात. रॅले यांनी मात्र तीस वर्षांपूर्वीचा तो उघडा प्रश्न पुन्हा हाती घेतला.

या वेळी त्यांनी सेकंदाला सुमारे १२८ कंपांचे दोन नादकाटे घेतले. त्यांची कंप्रता त्यांनी मुद्दाम किंचित निराळी ठेवली. एका काट्याचा स्वर नळीतून केवळ डाव्या कानाला आणि दुसऱ्याचा केवळ उजव्या कानाला मिळेल अशी व्यवस्था केली. दोन्ही कानांना नाद सारख्याच जोराने मिळत होता. परंतु कंप्रतेत किंचित फरक असल्यामुळे कधी डाव्या कानातील कंप पुढे जात, कधी उजव्या कानातील. झोपाळ्यावरील दोन मुलांपैकी एकाची गती जराशी अधिक असली म्हणजे ती जशी आलटून पालटून पुढे-मागे दिसतात, तसेच हे होते.

काय ऐकू आले? स्वर स्थिर राहिला नाही. तो डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे संथपणे सरकू लागला. ज्या कानातील कंप पुढे, त्या बाजूस नाद! जोरात काही फरक नव्हता. फरक होता तो केवळ कलेत. कान तो फरक ओळखत होता. कंप्रता वाढवीत नेली तेव्हा मात्र हा परिणाम मंदावत जाऊन नाहीसा झाला. याचे कारणही स्पष्ट होते. झोके फारच जलद झाले म्हणजे कोणता झोपाळा पुढे आणि कोणता एक फेरा मागे हे सांगता येत नाही, तसेच येथे घडते. पण नेमक्या त्याच ठिकाणी डोक्याची सावली कामास येऊ लागते.

अशा रीतीने कोडे सुटले. कानाजवळ एक नव्हे, दोन साधने आहेत. खर्जातील स्वरांसाठी तो दोन कानांतील कालाचे अंतर पाहतो. तार स्वरांसाठी जोरातील अंतर पाहतो. जेथे एक साधन दुबळे पडते तेथे दुसरे हात देते. हडपसरच्या ओट्यावर मृदंगाची खोल थाप आणि टाळांचा तीक्ष्ण खणखणाट या दोहोंचीही दिशा आपल्याला कळते, ती अशी दोन निराळ्या मार्गांनी.

१९०७ साली रॅले यांनी हे संशोधन प्रसिद्ध केले. कलाभेद कानाला जाणवतो हे मानावयास आपण पूर्वी तयार नव्हतो आणि आता ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही, हे त्यांनी त्यात स्वच्छपणे लिहिले. ते त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते, नोबेल पारितोषिकाचे मानकरी होते आणि आपल्या देशातील सर्वांत प्रतिष्ठित विद्वत्सभेचे अध्यक्ष होते. चूक कबूल करण्यास त्यांना यांपैकी काहीच आडवे आले नाही.

या संशोधनाला केवळ जिज्ञासेचे मोल होते असे नाही. १८९६ पासून रॅले हे इंग्लंडच्या दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउस या संस्थेचे शास्त्रीय सल्लागार होते. दाट धुके पडले म्हणजे दीपगृहाचा दिवा खलाशांना दिसत नाही. अशा वेळी किनाऱ्यावरून भोंगा वाजवला जातो. डोळ्यांचा उपयोग संपलेला असतो आणि जहाजावरील सर्वांचे प्राण भोंग्याचा आवाज कोणत्या बाजूने आला या एका निर्णयावर अवलंबून असतात. असे भोंगे कसे असावेत याचा रॅले यांनी पुष्कळ विचार केला. पुढे १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात रात्री येणाऱ्या विमानांची दिशा ओळखण्यासाठी एकमेकांपासून दूर ठेवलेले दोन मोठे कर्णे वापरले गेले. त्यांचा आवाज नळ्यांनी ऐकणाराच्या दोन कानांत सोडला जाई. जणू मनुष्याचे दोन कान काही हात दूर नेऊन ठेवले, म्हणजे कालाचे अंतर वाढले आणि दिशा अधिक बारकाईने कळू लागली.

३० जून १९१९ रोजी टर्लिंग येथे लॉर्ड रॅले यांचे निधन झाले. अखेरपर्यंत त्यांचे लेखन आणि संशोधन चालू होते. त्यांच्यानंतर इतरांनी हा विषय पुढे नेला. सेकंदाच्या एकलक्षांश भागाइतके अंतरही आपल्या दोन कानांना जाणवू शकते, असे सूक्ष्म मोजमापांवरून दिसून आले. समोर आणि पाठीमागे यांतील गोंधळ कान कसा टाळतो, याचाही उलगडा झाला. कानाच्या पाळीच्या वळ्या समोरून आणि मागून येणाऱ्या मिश्र नादांत निरनिराळे फेरफार करतात. शिवाय आपण नकळत मान किंचित वळवतो आणि शंका फिटते. आज श्रवणयंत्रे बनवणाऱ्यांना आणि संगीताचे ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना रॅले यांनी दाखवलेल्या वाटेनेच जावे लागते.

तुम्हालाही या वाटेवर चार पावले टाकता येतील. सुमारे एक मीटर लांबीची रबरी नळी घ्या आणि ती पाठीमागून वळवून तिची दोन टोके दोन्ही कानांशी अलगद धरा. मित्राला नळीच्या बरोबर मध्यावर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारावयास सांगा. आवाज मधोमध वाटेल. मग त्याने एकदोन सेंटीमीटर बाजूस टिचकी मारावी. तुमचे डोळे मिटलेले असले तरी टिचकी कोणत्या बाजूस सरकली ते तुम्ही सांगाल. इतक्या अल्प अंतरासाठी नादाला किती थोडा अधिक वेळ लागला असेल, याचे गणित मग करून पाहा. जी गोष्ट मानावयास रॅले यांच्यासारख्या मनुष्याला तीस वर्षे लागली, तिची साक्ष तुमचे कान एका क्षणात देतील.

हडपसरच्या गजबजलेल्या रस्त्यावर पांढरी काठी घेतलेला एखादा अंध मनुष्य क्षणभर थबकतो, मान जराशी वळवतो आणि येणाऱ्या गाडीची बाजू ओळखून मागे सरतो. त्याच्या त्या निर्णयावर त्याचा जीव अवलंबून असतो. त्याला कलाभेद ठाऊक नसेल आणि रॅले यांचे नावही त्याने ऐकले नसेल. पण त्याचा कान जे काम करीत असतो ते किती नाजूक आणि किती अचूक आहे, हे आपल्याला एका शास्त्रज्ञामुळे कळले. हिरवळीवर डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या शास्त्रज्ञाने आपल्या कानाची साक्ष खोटी ठरवली नाही. ती आपल्या उत्तराशी जुळेना तेव्हा त्याने उत्तर अपुरे मानले, आणि पुरे उत्तर मिळेपर्यंत तीस वर्षे वाट पाहिली.